जुलैची सरासरी

शेजारच्या गच्चीवर डांबर तापलं, की त्या वासाने मला नव्वदच्या दशकातलं, बहारीनच्या राजधानीतलं, मनामातलं आमचं ऑफिस आठवतं. साहेबांच्या खुर्चीमागे बहारीनच्या तापमानाचा आणि पावसाचा तक्ता काचेत मढवून लावला होता.

त्या ऑफिसच्या गच्चीवर डांबर घालणारे रत्नागिरीचे दाऊदभाई एकदा म्हणाले, "साहेब, दुपारचं काम संध्याकाळी करू द्या. माणूस मरंल वर."

एसीत कोट घालून बसलेल्या साहेबांनी पट्टीने जुलैची रेघ दाखवली. "सरासरी बघ, दाऊद. एवढ्याने कोणी मरतं? यल्ला, चल कामाला!"

सरासरीत रात्रीही धरलेल्या असतात, हे मला पुढे कळलं. साहेबांना तेव्हाही ठाऊक होतं.

त्याच दुपारी दाऊदभाईंचं प्रेत चादरीत खाली आणलं. साहेबांनी तक्ता पुन्हा निरखला.

"हार्टच कमजोर असणार," ते म्हणाले. "चार्ट तर बरोबर आहे."