गॅरंटीतली बंदूक

रागावण्याच्या कामात माझ्या बायकोच्या मामांइतका सचोटीचा माणूस मुंबई बेटावर दुसरा झाला नसेल. आपण सगळेच रागावतो, पण त्यात लबाडी करतो. साहेबावरचा राग घरी आणून बायकोवर काढतो, बायकोवरचा मुलांवर काढतो आणि वर ‘आज डोकं दुखतंय’ म्हणून पडून राहतो. मामांनी असली अफरातफर जन्मात केली नाही. ज्याचा राग त्याच्यावरच, त्याच जागी, आणि मापात कसर न ठेवता. शिवाय तो राग नेहमी आपल्याहून मोठ्याकडे जायचा. गिरणीचा मॅनेजर, म्युनिसिपालिटी, घरमालक, दिल्लीचं सरकार, अशी त्यांची गिऱ्हाइकं होती. चाळीतलं पोर, गडीमाणूस किंवा दारातलं मांजर यांच्यावर त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. लालबागच्या चाळीत ते राहायचे आणि परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. गिरणीचा भोंगा एकदा जरासा उशिरा झाला, तर हे गृहस्थ अंगणात उभे राहून धुराड्याकडे तोंड करून भोंग्याला अद्वातद्वा बोलले. ‘‘लोकांचा पगार कापायला मी बसलोय ना रे? मग तुझा कोण कापणार?’’ गिरणीत जाणारे कामगार थांबून ऐकत होते, आणि त्यापायी तेही उशिरा पोचले.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हाची गोष्ट. मामींनी बांगड्याचं कालवण केलं होतं आणि त्यात मीठ दोनदा पडलं होतं. मी नवा जावई. ‘‘वा, फक्कड झालंय,’’ असं म्हणून मी वाटी पुढे केली. मामांचा हात ताटातच थांबला. ‘‘जावईबापू, कालवण समुद्रासारखं खारट झालंय. तुमच्या जिभेला कळलंय, मला कळलंय, हिला तर शिजतानाच कळलं असणार. मग खोटं बोलून कुणाचं भलं करताय?’’ मी पडेल चेहऱ्यानं मामींकडे पाहिलं. मामी पदराआड हसत होत्या. ‘‘तुमच्यावर रागावले म्हणजे तुम्ही घरातले झालात,’’ त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मला त्या घरात खोटं बोलता आलं नाही आणि पोटभर जेवल्याशिवाय उठताही आलं नाही.

अशा माणसाच्या हातात बंदूक पडली, आणि तीही न उडणारी.

बंदूक त्यांना स्वतःसाठी नको होती. विजयदुर्गाच्या बाजूला त्यांचं गाव. गावच्या देवीची पालखी शिमग्याला देवळातून निघते, तेव्हा आधी बंदुकीचा एक बार होतो. बार झाल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. हा बार मारण्याचा मान मामांच्या घराचा, आणि घरात थोरला असेल त्याचा. थोरले म्हणजे गावी राहणारे त्यांचे भाऊ, ज्यांना सगळेच दादा म्हणत. वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरून गजानं ठासायची ती, एका उन्हाळ्यात नळीला चीर जाऊन निकामी झाली. इकडे दादांची छाती भरून यायला लागली होती आणि पायांत बळ उरलं नव्हतं. पलीकडच्या चुलत घराशी मामांच्या घराचं आंब्याच्या बांधावरून वडिलांच्या काळापासून बोलणं बंद होतं. त्या घरी बंदूक होती, धडधाकट होती, आणि ‘बार चुकला तर मान आमच्याकडे’ असं त्या घरची माणसं बोलतात, अशी बातमी बोटीनं मुंबईला येऊन पोचली. मामांनी त्याच आठवड्यात फोर्टातल्या एका जुन्या दुकानातून कोरी करकरीत ठासणीची बंदूक घेतली. दादांच्या हातून अजून एक तरी बार व्हावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

दुकानदारानं एका वर्षाची गॅरंटी दिली. घोड्याच्या बाजूचा स्क्रू लाखेनं बंद करून त्यावर दुकानाचा शिक्का मारला आणि बजावलं, ‘‘साहेब, ही लाख फुटली की गॅरंटी संपली.’’ मामांना ही शिस्त फार आवडली. लाखेचा तो लाल ठिपका त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवला. मला त्या लाखेचा राग पुढे आला, आणि तो अजून गेलेला नाही.

बंदूक गावी गेली आणि दादांनी घरामागच्या परड्यात तिची परीक्षा घेतली. घोडा पडला, त्याखाली बसवलेली ठिणगीची टोपी ‘फट’ म्हणाली आणि पुढे काही नाही. टोपीची ठिणगी आत दारूपर्यंत पोचतच नव्हती, कारण मधलं भोक वाकडं पाडलेलं होतं. बंदूक परत मुंबईला आली. आता खरी मौज अशी, की मुंबईत बार मारून बघता येत नाही. दुकानदार नुसती टोपी लावायचा, चाप ओढायचा, ‘फट’ झालं की हसून म्हणायचा, ‘‘चालते की!’’

‘‘फट होतं, धडाम होत नाही!’’ मामा ओरडायचे.

‘‘साहेब, नवीन माल आहे. जरा रुळायला वेळ द्या.’’

‘‘ती काय सासरी आली आहे रुळायला?’’

दुकानदार कधी रागवायचा नाही, हे सगळ्यात वाईट. गोरा, गुबगुबीत, मऊ आवाजाचा माणूस. मामांनी टेबलावर मूठ आपटली की हा त्यांच्यासाठी थंड पाणी मागवायचा. बंदूक माळ्यावरच्या मिस्त्रीकडे जायची. तो मिस्त्री आम्ही कुणी पाहिला नाही, आणि तो जन्मालाच आलेला नाही असं मामांचं मत होतं. पहिल्या खेपेला बंदूक परत आली ती लाकडी दस्त्याला चकचकीत पॉलिश लावून. मामांचा चेहरा त्यात दिसत होता, आणि चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या खेपेला घोडा नवा बसवला, तो इतका घट्ट की दादांच्या अंगठ्यानं मागे ओढला जाईना. तिसऱ्या खेपेला तो कानस मारून इतका सैल केला, की चाप न ओढताच पडायचा. वाकडं भोक मात्र प्रत्येक खेपेला जसंच्या तसं. आणि दर वेळी लाख ताजी, शिक्का ठसठशीत. एकेका परीक्षेसाठी बंदूक बोटीनं गावी जायची आणि बोटीनं परत यायची. मधे पावसाळ्यात बोटी बंद. गॅरंटीचं वर्ष असं समुद्रातच निघून चाललं होतं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. शिवाजी पार्कवरच्या सभांना मामा नेमानं जायचे आणि घसा बसवून परत यायचे. पण मी एकदा म्हणालो, ‘‘मामा, एवढा मोठा लढा चाललाय, बंदुकीचं जरा बाजूला ठेवा.’’ तेव्हा ते माझ्यावर उसळले. ‘‘दिल्लीशी भांडायला लाखो लोक आहेत, जावईबापू. त्या फोर्टातल्या ठकाशी भांडायला मी एकटा आहे!’’ 

त्याच दिवसांत आम्ही दोघं बंदूक घेऊन ट्रामनं फोर्टाकडे निघालो होतो. बंदूक मामींच्या भजनातल्या तंबोऱ्याच्या गवसणीत घातलेली. शहरात जमावबंदी होती आणि नाक्यानाक्यावर पोलीस. भायखळ्याला एक हवालदार ट्राममध्ये चढला आणि गवसणीवर दांडक्यानं टकटक करून म्हणाला, ‘‘काका, तंबोरा काय?’’ कुणीही शहाणा माणूस ‘हो’ म्हणाला असता. मामा म्हणाले, ‘‘बंदूक.’’ ट्राम रिकामी झाली. आम्हाला खाली उतरवून चौकीवर नेलं. परवाना दादांच्या नावाचा, ने-आण करण्याची परवानगी मामांच्या नावाची, सगळं रीतसर होतं. हवालदारानं कागद पाहिले आणि सहज विचारलं, ‘‘उडते का?’’

झालं. मामांनी त्या हवालदाराला पॉलिश, घोडा, कानस, मिस्त्री सगळं ऐकवलं. तो बिचारा स्टुलावर बसून ऐकत राहिला. शेवटी मामा म्हणाले, ‘‘आता असं करा. पंचनामा करा. बंदूक तपासली, उडत नाही, असं लिहून द्या. मी ते त्याच्या तोंडावर फेकतो.’’

‘‘काका, उडत नाही असं मी कसं लिहू? वरचे मला विचारतील, मग धरलीस कशाला?’’

‘‘मग मला अटक करा! कोर्टात उभं करा! न्यायाधीशासमोर उडवून बघा म्हणावं!’’

हवालदारानं माझ्याकडे हात जोडले. ‘‘ह्यांना घरी न्या हो. आधीच शहरात काय कमी ताप आहे?’’ मी त्यांना ओढत बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर मामांनी गवसणीचा बंद आवळला. मग हळूच म्हणाले, ‘‘दादाचा दम वाढलाय. मामीला सांगू नका.’’ तेव्हा मला कळलं, की ते त्या दुकानदाराशी भांडत होते त्याहून जास्त कॅलेंडराशी भांडत होते.

शिमग्याला मी मामा-मामींबरोबर गावी गेलो. चौथ्या दुरुस्तीची बंदूक बरोबर होती आणि दुकानदारानं या वेळी छातीवर हात ठेवून ‘‘धडाम होणारच,’’ असं सांगितलं होतं. पोचलो त्याच संध्याकाळी परड्यात बघितलं. फट. दादा ओसरीवर गोधडी पांघरून बसले होते. ते धापा टाकत म्हणाले, ‘‘अरे, लोहाराकडे दी. तो सकाळपर्यंत भोक सरळ करून दितलो.’’ लोहाराचं घर हाकेच्या अंतरावर होतं. मीही म्हणालो, मामीही म्हणाल्या. मामा लालबुंद झाले. ‘‘स्क्रू काढायला लाख फोडायची? म्हणजे त्या चोराला मोकळं सोडायचं? गॅरंटी अजून शिल्लक आहे! काम त्यानंच करून दिलं पाहिजे!’’ दादा बघत राहिले. धाकट्या भावाचा हा आवाज ते जन्मभर ऐकत आले होते.  मामांनी रात्रभर भोकात सुई घालून फुंकरी मारल्या, पण लाखेला नख लावलं नाही. त्या हट्टाचा मला भयंकर संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सगळा गाव उभा. पालखी सजलेली, ढोल थांबलेले. दादांना दोघांनी धरून आणलं. चुलत घरचा कर्ता पुरुष समोरच उभा होता, आणि त्याच्या हातात भरलेली बंदूक होती. तो कशासाठी भरून आला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘‘आला बघा गिधाड,’’ मामा माझ्या कानात म्हणाले.  त्यांनी स्वतः दारू ठासली, टोपी बसवली आणि बंदूक दादांच्या हातात दिली. दादांनी नळी आभाळाकडे करून चाप ओढला.

फट.

दुसरी टोपी लावली. फट. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मामांना कुणावर तरी ओरडता आलं असतं. भोई खाली बघत होते.  मग तो चुलत भाऊ पुढे आला. माणसं बाजूला झाली. तो दादांसमोर उभा राहिला, त्यांच्या हातातली बंदूक काढून मामांकडे दिली आणि आपली भरलेली बंदूक दादांच्या हातात ठेवली.

‘‘घेवा, दादानु. बार तुमचोच.’’

दादांना ती पेलवेना. तेव्हा त्यानं मागे जाऊन आपली छाती त्यांच्या पाठीला लावली आणि खालून हाताचा आधार दिला. बार असा झाला, की देवळावरचे सगळे पारवे उडाले. ढोल वाजले आणि पालखी उठली.

मी मामांकडे पाहिलं. आता काहीतरी होणार म्हणून मी तयारीत होतो. पण कुणावर रागवायचं हेच त्यांना सापडत नव्हतं. गर्दी पालखीमागून निघून गेली तरी ते चकचकीत पॉलिशची बंदूक छातीशी धरून उभे होते. मग ते त्या चुलत भावाजवळ गेले आणि चाचरत म्हणाले, ‘‘दारू कुठची घालतोस रे?’’ दोन घरांमधलं पहिलं बोलणं ते एवढंच. त्यानं दारू कुठून आणतो ते सांगितलं, आणि दोघं पालखीच्या मागे गेले.

दादा त्या पावसाळ्यात गेले. गॅरंटीही त्याच सुमारास संपली. मामा फोर्टाकडे फिरकले नाहीत. माझं मात्र रक्त उकळत होतं, म्हणून मीच एकदा त्या दुकानात भांडायला गेलो. मला वाटतं मी बरंच काही बोललो. दुकानदारानं माझ्यासाठी थंड पाणी मागवलं आणि विचारलं, ‘‘ते मामासाहेब का येत नाहीत हल्ली? तब्येत बरी आहे ना?’’ त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती. मी पाणी न पिता उठलो.

पुढच्या शिमग्याला घरात थोरले मामाच. मान आता त्यांचा. ते एकटेच गावी गेले आणि परत आल्यावर मी मुद्दाम दादरहून त्यांना भेटायला गेलो.

‘‘बार कुणी मारला, मामा?’’

‘‘ज्याची उडते त्यानं,’’ ते म्हणाले. ‘‘मीच सांगितलं त्याला. मी बाजूला उभा होतो. चांगला झाला.’’

मी त्या दुकानदाराचं नाव काढलं. मुद्दामच काढलं. दोन-चार शिव्याही मीच हासडल्या. मामांनी हात हलवला आणि म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो, जावईबापू.’’ त्यांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. मला फार वाईट वाटलं. मला ते ओरडायला हवे होते.