कानानं लावलेली ज्योत

आमचे सासरे गॅसची टॉर्च कानानं लावायचे. ही थट्टा नाही. आखाडा बाळापुरात रस्त्याला लागून आमचं ब्राझिंगचं, म्हणजे ज्योतीनं धातूचे सांधे जोडायचं, दुकान आहे. फ्रीजच्या तांब्याच्या नळ्या, फवारणी पंपाच्या पितळी दांड्या, बंबाचे तळ, जे फुटेल ते जोडायचं. मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणते) आधी गॅसची चावी उघडून ज्योत पेटवायचे, मग डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऑक्सिजनची चावी हळूहळू फिरवायचे. फुरफुरणाऱ्या ज्योतीचा आवाज मऊ झाला की त्यांची बोटं तिथंच थांबायची. समोर गिऱ्हाईक उभं असलं की मान जरा जास्तच कलायची.

मी डी.एड. करून घरी बसलेली. नवरा नांदेडला कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. मी मामांचा डबा घेऊन दुकानात जायची, डबा रिकामा होईस्तोवर बसायची, आणि बसता बसता टॉर्च धरायला शिकले. शिकवताना मामा कधी ओरडले नाहीत. नुसते हसायचे, आणि ते जास्त लागायचं. गॅसवाल्यानं दिलेली एक हिंदी पुस्तिका मी वाचून काढली, तेव्हापासून मी त्यांची मास्तरीणबाई झाले. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघावी, असं तिच्यात लिहिलं होतं. मामा म्हणाले, "साबन आंगाला लावत्यात, पोरी. गळती आमी कानानं धरतो."

गेल्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा मी केली. सिलिंडरला हार घातला, टॉर्चला हळद-कुंकू वाहिलं. तेलाचा दिवा मात्र लांब ठेवला. ऑक्सिजनच्या तोंडाशी तेलाचं बोट लागलं तर भडका उडतो, एवढं पुस्तिकेला आणि मामांना दोघांनाही मान्य होतं. पण हळद मी हौसेनं लावली. आमच्या भागात हळदीला काय तोटा?

दसरा झाला आणि पहिलाच सांधा बिघडला. तांबं काळं पडलं. जोडकामाची चांदीची सळई वितळून सांध्यात शिरायच्या ऐवजी गोळी होऊन खाली पडली. मामांनी आधी टॉर्चचं तोंड बघितलं, मग माझं.

"हळद गेली नोझलात," ते म्हणाले. "आता लगीन बी लावून टाक तिचं."

मी नोझल काढून बारीक सुईनं साफ केलं. सुई सरळ आत, सरळ बाहेर. फिरवली तर भोक मोठं होतं. कबूल करते, हळदीचा एक कण निघाला. मामांनी तो बोटावर घेऊन शेजारच्या पंक्चरवाल्याला दाखवला आणि त्या दिवशी त्यांची भूक वाढली. पण दुसऱ्या दिवशी तांबं पुन्हा काळं पडलं.

मग दोष दारोदार फिरला. गॅस पातळ आला असेल. सळईत मिलावट असेल. तांबंच आजकालचं, त्याला काही जीव नाही. मी पुस्तिका उघडून दोन्ही रेग्युलेटर ढिले करून दाब नव्यानं लावला, नळ्या कुठं दुमडल्यात का बघितलं, तांबं घासून लख्ख केलं. सगळं ठीक होतं. आणि स्टँडजवळच्या कोल्ड्रिंकवाल्याचा फ्रीझर एकाच सांध्यासाठी दोनदा परत आला. भला माणूस. "काका, बगा बरं जरा," एवढंच म्हणाला. त्यानं भांडण केलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं.

त्या दिवसांत मामा जेवताना बोलेनासे झाले. शेती भावाकडे, घरात सासूबाईंचं राज्य. टॉर्च हातातून गेली तर या माणसाला सकाळी उठून जायला जागा नव्हती, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

एका दुपारी मी दारात बसून पंपाची दांडी घासत होते. आत मामांनी ज्योत पेटवली. तिचा आवाज मऊ झाला, तो मला दारात ऐकू आला. म्हटलं, झालं. पण आवाज थांबेना. तो चढत गेला, सूं सूं करायला लागला. मी वळून बघितलं. ज्योतीच्या आतला सुळका आखूड, टोकदार, निळसर झालेला. म्हणजे ऑक्सिजन जास्त. तांबं काळं करणारी ती हीच ज्योत. आणि मामा डोळे मिटून, मान कलती करून चावी फिरवतच होते. जो आवाज येऊन गेला होता, त्याचीच वाट बघत होते.

"मामा, बास," मी म्हणाले. ते हलले नाहीत. मी जवळ जाऊन पुन्हा म्हणाले.

"कान हायेत मला," ते म्हणाले.

चार दिवस मी गप्प बसले. घरात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, पण इथं माझी हिंमत झाली नाही, हे खरं.

मग तो फ्रीझर तिसऱ्यांदा आला. मालक चहाला गेला आणि मामा कोपऱ्यातल्या सांध्यावर वाकले. जागा अडचणीची, नोझल तांब्याला जवळजवळ टेकलेलं, तापलेलं. फट् झालं, ज्योत दिसेनाशी झाली, आणि टॉर्चच्या मुठीतून बारीक शीळ यायला लागली. ज्योत विझली नव्हती, आत घुसून जळत होती. तिथून ती नळीत गेली की पुढं सिलिंडर. मामांना वाटलं विझली. टॉर्च खाली टेकवून ते आरामात लायटर शोधत होते.

मी दांडी टाकून धावले. आधी ऑक्सिजनची चावी बंद केली, मग गॅसची. शीळ थांबली. मूठ चटका बसेल एवढी तापली होती.

"काहून बंद केली?"

"आतून शीळ येत होती, मामा."

"कवा?"

मी मुठीकडे बोट दाखवलं. त्यांनी काळा चष्मा काढला, मुठीला हात लावून बघितला आणि पटकन मागं घेतला.

"मला न्हाई आली," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "लई दिसापासून न्हाई येऊन राहिली. सोडावं लागंल आता हे."

मला इतका राग आला. त्यांचा नाही, कशाचा ते सांगता येत नाही. "सोडता कशाला? डोळे हायेत नव्हं?" मी म्हणाले, आणि पुस्तिका आणून ज्योतीची चित्रं त्यांच्या पुढं धरली. आतल्या सुळक्यापुढं पांढरी शेपटी दिसते. ऑक्सिजन वाढवला की ती मागं सरकते. सुळक्यात शिरून नाहीशी झाली की थांबायचं. मामांनी चित्र बराच वेळ बघितलं.

"हे पहिल्यापासून हाय यात?"

"पहिल्यापासून."

"आन तू आत्ता सांगून राहिली."

त्या दिवशी टॉर्च पुन्हा पेटवली नाही. मालकाला उद्या या म्हणून सांगितलं. नांदेडहून उलटी ज्योत अडवणारे व्हॉल्व्ह मागवले आणि सकाळी दोन्ही नळ्यांना बसवले. नळ्या, रेग्युलेटर तपासले, साबणाचं पाणी लावलं. मामा सगळं बघत होते, कोपरखळी एकही नाही. टॉर्च चालू असेस्तोवर मी शेजारून हलणार नाही, एवढी माझी अट होती.

फ्रीझरचा मालक आला, उभा राहिला. मामांनी ज्योत पेटवली.

"काका, आज डोळे उघडेच?"

"सुनेला शिकवून राहिलो," मामा म्हणाले. "मी डोळे झाकल्यावर तिला काय दिसंल?"

मालक हसला. मामांनी चावी फिरवली. पांढरी शेपटी मागं सरकली, सुळक्यात शिरली, नाहीशी झाली, आणि त्यांची बोटं बरोबर तिथंच थांबली. त्यांना दिसलं होतं. तरी त्यांनी सळई उचलली नाही. चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बराबर हाय?"

या दुकानात त्यांनी हे आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. मी ज्योत बघून मान डोलावली, आणि मग ते सांध्यावर वाकले.