उजवा कौल

आमचे सासरे देवाला विचारल्याशिवाय म्हैससुद्धा विकत घेत नसत. पेणच्या खाडीकडचं गाव, थोडी भातशेती आणि पावसाळा सरला की मिठागरावर काम. हंगामातलं पहिलं ओंजळभर मीठ ते गावदेवाच्या पायाशी नेऊन ठेवायचे आणि देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे. घर शाकारायचं, मुलीचं लग्न ठरवायचं, विहीर खणायची, काहीही असो, आधी कौल.

मी रोह्याची. आमच्या माहेरी कौल-बिल काही नव्हतं, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर मला या प्रकाराचं भारी कुतूहल. देवाच्या दोन्ही अंगांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. मला वाटायचं, पाकळी सुकली की पडणारच, ज्या बाजूने वारा येतो तिकडची आधी पडेल, यात देवाचा काय संबंध? मी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, तसं विचारलंही. रागावले नाहीत. म्हणाले, "मग वारा कोणाचा हाय गो?"

लग्नाला वर्ष होत नाही तोच मला रोह्याला डी.एड.ला प्रवेश मिळाला. दोन वर्षं माहेरी राहावं लागणार होतं. नवरा डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, "बाबा सांगतील तसं." सासूबाईंनी सरळच सांगितलं, "घरातला कोण करणार? काय नाय जायचा." मला शिक्षिका व्हायचंच होतं. हा प्रवेश हुकला असता तर पुन्हा कोणी मला पाठवलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबा सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "देवाला इचारू."

मी मनातून चडफडले. माझं शिक्षण तगरीच्या एका पाकळीवर येऊन थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागोमाग देवळात गेले. ते टोपी काढून आत बसले, पाकळ्या लावल्या, बराच वेळ पुटपुटत राहिले. मी खांबाला टेकून डोळे ताणून बघत होते. पाकळी पडली. डावी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. बाबांनी डोकं टेकवलं, माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "जा गो बाय, शिक. उजवा झाला."

घरी येऊन त्यांनी तेच सांगितलं. देवाचा शब्द म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध मावळला.

मी शिकले, वडखळजवळच्या शाळेत लागले, मुलं झाली. पण ती पाकळी काही माझ्या डोक्यातून गेली नाही. जो माणूस बायकोने चहात साखर जास्त घातली तरी तोंडावर सांगायचा, तो माझ्यासाठी देवाच्या नावावर खोटं बोलला होता. मी त्यांच्यावर जीव टाकायला लागले ते तेव्हापासून. आणि गंमत बघा, कौलाला हसणारी मी, बाबांना साधा ताप आला तरी घाबरायचे. देव आता हिशोब चुकता करतोय की काय असं वाटायचं. त्यांना ओशाळं वाटेल म्हणून विचारायचा धीर मात्र झाला नाही.

मग त्यांचे पाय थकले, देवळात जाणं बंद झालं. एका दुपारी आम्ही दोघं ओटीवर बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी विचारून टाकलं. "बाबा, त्या दिवशी डावी पाकळी पडली होती ना?"

ते इतके हसले की ठसका लागला. "येवढी मास्तरीण तू. देव आपल्याकडं तोंड करून बसलाय ना? त्याचा उजवा तो आपला डावा."

म्हणजे खोटं बोललेच नव्हते. माझी इतक्या वर्षांची भीती फुकटच गेली. पण खरं सांगते, हायसं वाटायच्या आधी मला वाईट वाटलं. त्या लबाडीची मला सवय झाली होती. माझ्यासाठी कोणी तेवढं केलं होतं, ते आता नाहीसं झालं.

म्हणून मी जरा हिरमुसूनच म्हटलं, "आणि दुसरी पडली असती तर?"

"ती कशाला पडेल?"

"का?"

त्यांचा हात थांबला. आत कोणी नाही ना हे त्यांनी मान वळवून पाहिलं.

"ती मी गूळ लावून चिकटवली व्हती."

"म्हणजे देवाला फसवलंत?" मी विचारलं.

"देवाला सांगून केला गो," ते म्हणाले. "आधीच बोललो त्याला, आज मी तुला इचारायला नाय आलो. पोरीला शिकवायची हाय. तू फकस्त व्हय बोल."