अर्धी केलेली कविता

आमच्या मंडळात दूध घातलेला चहा चालत नसे. मंडळ नांदेडचं, जमायची जागा एका डॉक्टर मित्राच्या दवाखान्याची गच्ची, आणि आम्ही पाच जण कोरा चहा तोंड वाकडं न करता पीत असू. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनचे कवी असाच चहा पीत होते, असं आमच्यापैकी कोणीतरी ठामपणे सांगितलं होतं. कोणी ते मी विसरलो असं म्हणायला आवडलं असतं, पण तो मीच होतो. मी इंग्रजीचा प्राध्यापक. मे महिन्यात नांदेडला जाकीट घालून फिरणारा तो मूर्खही मीच.

त्या कवींची मला सगळी माहिती होती. कोण कोणाच्या घरी कुठल्या वारी जमत, कोणाचं मासिक कोणाशी भांडून बंद पडलं, कोणी कोणाला सभेतून बाहेर काढलं. कविता मात्र मी बऱ्याचशा गाईडमधून वाचल्या होत्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नोकरीभर पिवळ्या पडलेल्या नोट्स काढून मुलांना लिहून दिल्या आणि मुलांनी त्याच परीक्षेत परत केल्या. कोणाचंच काही बिघडलं नाही.

त्या काळातला एक किस्सा मला फार प्रिय होता. एका कवीने आपली लांबलचक कविता मित्राला दाखवली, मित्राने ती निम्म्याच्या आसपास कापून टाकली आणि जगाला थोर कविता मिळाली. यावरून आमच्या मंडळात एक रीत पडली. जो कोणी कविता वाचेल त्याचा कागद माझ्याकडे यायचा, मी तांबडी पेन्सिल काढायचो आणि कविता अर्धी करायचो. चोवीस ओळी असतील तर बारा. चांगली असो, वाईट असो, अर्धी. दुसरा नियम असा की कवितेत 'मी' नको, घरचं रडणं नको, वस्तू बोलल्या पाहिजेत. हाही तिकडूनच उचललेला. नियम असले की कापायला सोपं जातं, म्हणून मला ते आवडत.

एका शनिवारी अहमदपूरहून एक गृहस्थ आले. बसस्टँडसमोर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, वडिलांपासूनचं. वय पन्नाशीच्या आत, दाढी नीट कोरलेली, खिशाला भिंग अडकवलेलं. नांदेडचे मुशायरे ते लहानपणापासून ऐकत आलेले, पण शाळा मराठी, म्हणून लिहायचे मराठीत. पहिल्यांदाच कोरा चहा पिऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "दूध संपलं का, सर?" आम्ही हसलो. ते हसू आता आठवलं की कानशिलं तापतात.

त्यांची बायको काही महिन्यांपूर्वी लातूरच्या दवाखान्यात वारली होती. त्यांनी एकच कविता आणली होती, वहीचं पान फाडून लिहिलेली. बरोबर चोवीस ओळी. निम्म्या ओळींत दवाखाना होता: लांब व्हरांडा, सलाईनची बाटली, एका पात्याला वाकलेला पंखा. उरलेल्या ओळींत ती बाई शेवटच्या आठवड्यात जे बोलली ते होतं, जसंच्या तसं. कुकरची रिंग ढिली झालीय, नवी आणा. तुम्ही जेवलात का, खोटं नका बोलू. पोरीची वेणी घट्ट नका घालू, तिचं डोकं दुखतं, ती सांगत नाही.

वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडला. डॉक्टर मित्राने खाली पाहिलं. मला मात्र हर्ष झाला होता, कारण काय कापायचं ते इतकं स्वच्छ कधीच दिसलं नव्हतं. तिचं बोलणं काढलं की बरोबर बारा ओळी उरत होत्या. मी तिथल्या तिथे पेन्सिल चालवली. नुसत्या रेघा मारून मी थांबत नसे. समासात शेरे लिहायची माझी सवय, उत्तरपत्रिका तपासून लागलेली. कुकरच्या ओळीशेजारी लिहिलं, 'स्वयंपाकघर!' जेवणाच्या ओळीशेजारी, 'रडगाणे.' वेणीच्या ओळीशेजारी लिहिलं, 'कोणाला काय त्याचे?'

"आता बघा," मी म्हणालो आणि उरलेल्या बारा ओळी मोठ्याने वाचल्या. सगळ्यांनी मान डोलावली.

"तुम्ही शिकलेली माणसं," ते म्हणाले. "म्हणता तर चांगलंच झालं असंल."

आमच्या अनियतकालिकात ती बारा ओळींची कविता छापली. पुण्याहून एकाचं कौतुकाचं पत्र आलं, त्यात कवीपेक्षा संपादनाची तारीफ जास्त होती. ते पत्र मी बरेच दिवस पाकिटात बाळगलं. अहमदपूरचे गृहस्थ अंक न्यायला आले, उभ्याउभ्याच वाचला, घडी केली आणि म्हणाले, "थंड झालीय, सर." आम्ही ती दाद समजलो. त्यानंतर ते शनिवारी आले नाहीत. मूळ कागद माझ्याकडेच राहिला होता, त्यांनी मागितला नाही आणि मीही दिला नाही.

दिला नाही एवढंच असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी वर्गात फिरवला. आधुनिक कविता शिकवायची वेळ आली की हा कागद बाहेर निघे. बाकावरून बाकावर जाताना मुलं शेरे वाचत आणि कुकरच्या ओळीला हमखास हसत. मुलं हसली की तास रंगला असं मला वाटे.

निवृत्तीनंतर मी लातूरला मुलाकडे राहायला आलो. वेळ भरपूर, म्हणून लाज वाटून का होईना, त्या कवींना गाईडशिवाय वाचायला घेतलं. आणि त्या प्रसिद्ध, कापून थोर झालेल्या कवितेत मला एक बाई बोलताना सापडली. घाबरलेली, नवऱ्याला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारणारी. टिपांमध्ये लिहिलं होतं की कवीच्या स्वतःच्या घरातलंच हे बोलणं असावं. कापणाऱ्या मित्राने एवढं कापलं, पण ते ठेवलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. ज्या कवितेच्या नावाने मी त्या माणसाच्या बायकोचं बोलणं तोडलं, ती मी नोकरीभर शिकवली होती आणि वाचली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

"सर, घड्याळवाला बोलून राहिलो, अहमदपूरचा. पोरीचं लग्न ठरलंय. त्या कागदावर तिच्या अम्मीनं तिच्यासाठी काहीतरी सांगितलेलं लिवलं होतं. पोरगी तवा चार वर्साची, तिला काहीच याद न्हाई. मलाबी आता शब्द आठवून नाही राहिले. छापलेल्यात तर न्हाई ते. तुमच्याकडं तो कागद हाय का?"

कागद माझ्यासमोरच्या कपाटात होता. "नाही हो," मी म्हणालो, "घर बदलताना हरवला असेल."

"हाव," ते म्हणाले. "असू द्या, सर. तब्येत सांभाळा."

मी शेऱ्यांना भ्यालो होतो, दुसरं काही नाही. फोन ठेवल्यावर ठरवलं की कविता स्वच्छ कागदावर उतरवून पाठवू, म्हणजे त्यांना तिचं बोलणं मिळेल आणि मला माझी इज्जत. चोवीसही ओळी लिहिल्या. मग पडताळून पाहिलं तर वेणीच्या ओळीतलं 'ती सांगत नाही' मी नकळत गाळलं होतं. हाताला इतकी सवय लागली होती. तो कागद मी फाडला, मूळ कागद पिशवीत घातला आणि सकाळची अहमदपूरची बस धरली.

दुकान तेच होतं, पण भिंग आता मुलगी लावून बसली होती. वडील आत खाटेवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि नजर गेली, उजेड तेवढा कळतो, असं त्यांनीच सांगितलं. कागद सापडला म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडलाच नाही. खोटं पकडलं गेलं तर काय सांगायचं याची मी बसभर तयारी केली होती. त्यांनी काही विचारलंच नाही.

"तुम्हीच वाचा, सर," ते म्हणाले. "पोरी, दुकान राहू दे, इकडं ये. अम्मी काय म्हणली ते ऐक."

त्यांना दिसत नाही याचं मला बरं वाटलं. हे लिहून टाकतो, नाहीतर तेही लपवून ठेवीन. मी वाचू लागलो. व्हरांडा, सलाईन, पंखा, कुकर, जेवण. शेरे अर्थातच वगळत गेलो. मुलगी येऊन माझ्या मागे उभी राहिली ते मला तिच्या बांगड्यांवरून कळलं. वेणीच्या ओळीशी आलो तेव्हा तिचं बोट माझ्या खांद्यावरून पुढे आलं आणि कागदाच्या समासावर टेकलं. मी ओळ पुरी वाचली. 'ती सांगत नाही' पण वाचलं.

ते रडत होते. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "बास? अजून काही लिवलेलं न्हाई ना त्यावर?"

मुलीचं बोट अजून समासातल्या शेऱ्यावरच होतं.

"एवढंच हाय, अब्बा," मुलगी म्हणाली.

तिने चहा केला, दुधाचा. मी तो पूर्ण प्यालो. ती मला बसपर्यंत सोडायला आली नाही, दुकानाच्या पायरीशी थांबली. कागद तिच्याच हातात होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कागदाकडेच पाहत विचारलं, "रबरानं निघतं का हे?"

"निघतं," मी म्हणालो.

तांबडी पेन्सिल रबराने निघत नाही. घासली की पसरते आणि शेजारची अक्षरंही लाल करते. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हे माहीत असतं. बस सुटली तेव्हा ती काउंटरवर कागद ठेवून, डोळ्याला भिंग लावून, खाली वाकली होती.