पुठ्ठ्याचा कॅरियर

बाइंडरकाकांचा एक ठाम समज होता. जगातली कुठलीही मोडकी वस्तू खळ, दोरा आणि पुठ्ठा यांनी दुरुस्त होते. पुस्तकांच्या बाबतीत ते खरंच होतं म्हणा. वाळवीने अर्धं खाल्लेलं पुस्तकही त्यांच्या हाताखालून गेलं की नटूनथटून बाहेर पडे. पण एक काम बरं जमलं की माणसाला वाटतं, आपल्याला सगळंच जमतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं. काकांचं घोडं म्हणजे त्यांची सायकल.

सायकल लग्नाच्या वर्षीची. तिची सीट फाटली तेव्हा काकांनी छापखान्यात उरलेलं रेक्झिन आणून ती बांधून काढली. रेक्झिनवर सोनेरी अक्षरं आधीच उठवलेली होती, त्यामुळे काका गावभर ‘वार्षिक अहवाल, भाग दुसरा’ याच्यावर बसून हिंडत. पावसात खळ सुटे आणि काका उतरले की अहवालही विजारीला चिकटून उतरे.

काकू हे हसण्यावारी नेत, कारण ही सायकल त्यांना दर रविवारी थोरल्या बहिणीकडे नेई. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. त्यांचे पाय अधू झालेले, म्हणून त्या खिडकीत वाट बघत बसत. काकूंचे गुडघे तेवढं चालू देत नसत आणि बस त्या बाजूला फिरकत नसे.

मग कॅरियरची दांडी मोडली. शहाण्या माणसाने सायकलवाला गाठला असता. काकांनी तीन पदरी पुठ्ठा चिकटवला, वर कापड चढवलं, कडा शिवल्या आणि म्हणाले, “आता आपण जाऊ, पण हा जाणार नाही.” पुस्तक असतं तर गेलंही नसतं. पहिल्याच चौकात पुठ्ठा वाकला आणि काकू मोसंब्यांच्या पिशवीसकट रस्त्यावर बसल्या. काका मात्र बोलत बोलत पुढेच. मागून एकदाही विरोध होईना तेव्हा त्यांना वाटलं, चला, आज हिला आपलं पटलेलं दिसतंय! ताईंच्या दारात उतरले तेव्हा डोक्यात उजेड पडला.

“नवी सायकल आणा, तरच मागे बसेन,” काकूंनी निक्षून सांगितलं. “नाहीतर मी घरातच बरी.”

तेव्हापासून रविवार आला की काकू तेच कपाट पुन्हा आवरायला काढत. ताईंचे निरोप येत. काकांना ते बघवत नसे. पण जुनी सायकल टाकायची म्हटलं की जीव तुटे, आणि तिलाच दुरुस्त करू म्हटलं की काकू नुसतं पुठ्ठ्याकडे बोट दाखवत. खरं तर काकांच्या मनात दुसरीच भीती होती. हिला सायकल नकोशी झाली की आपणच?

शेवटी एका रविवारी दोघं दुकानात गेली. सायकली कसल्या, नुसता झगमगाट. विक्रेता गिअरचं गुणगान गात होता आणि काका उगाचच मान डोलवत होते. काकूंनी एका लाल सायकलला पुढून बघितलं, बाजूने बघितलं, मग मागे गेल्या आणि थबकल्या.

“अहो, मी कुठे बसायचं?”

“मावशी, आता कॅरियर येत नाहीत,” विक्रेता म्हणाला. “ही एकट्याची सायकल.”

“एकट्याची काय करायची आहे?” काकू फटकन म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

काका त्यांच्या मागून निघाले. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता.

दुपारीच जुनी सायकल दुरुस्तीला गेली. सायकलवाल्याने तिला खालीवर न्याहाळलं. “काका, ही सायकल आहे की वाचनालय? लोखंडी कॅरियर बसवतो. पण अट एकच. यापुढे दुरुस्तीला तुम्ही हात लावायचा नाही.” काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली. ती तयार होईपर्यंत ते हात पाठीमागे बांधून दुकानासमोर येरझाऱ्या घालत होते.

पुढच्या रविवारी काकूंनी कॅरियर दाबून पाहिला, वाजवून पाहिला. ठणठणीत लोखंड. पण त्यावर एक मऊ गादी होती.

“ही कुणी केली? हात लावायचा नव्हता ना?”

“दुरुस्तीला,” काका म्हणाले. “गादी म्हणजे काही दुरुस्ती नव्हे.”

गादीच्या रेक्झिनवर ताज्या सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: ‘राखीव’.

काकूंनी ते वाचलं आणि उगाचच पिशवीतली मोसंबी नीट केली. “बसून बसून पुसली जातील की अक्षरं.”

“जाऊ देत. त्यासाठीच उठवलीत.”

काकू बसल्या. सायकल निघाली तशी काकांची टकळीही सुरू झाली. छापखाना झाला, शेजारी झाले, सायकलवाल्याचा उद्धटपणा झाला. मग तो चौक आला आणि काका एकदम गप्प झाले.

“अगं, आहेस ना?”

“आहे,” मागून आवाज आला. “पण तुमचं पटलेलं नाही.”