पिठल्याची कढई आणि डिशवॉशर

आमच्या घरी कोणतीही वस्तू येण्याआधी तिचे किस्से येतात. वस्तू मागाहून, सावकाश येते. मिक्सर बदलला तेव्हा असंच, वॉशिंग मशीनच्या वेळी असंच. एकटीने गिळून टाकावं असं ठरवते, पण ऑफिसात डबा उघडला की मैत्रिणी विचारतात, "आज बाबा काय म्हणाले?" मग सांगावंच लागतं. डिशवॉशरने मात्र आधीचे सगळे विक्रम मोडले.

मशीन घ्यायची वेळ का आली, ते आधी सांगते. आई शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त आहे. पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे मशीनवर बोट ठेवायचं, ठसा जुळला की तुम्ही जिवंत. गेल्या खेपेला मी सोबत गेले होते. आईने अंगठा ठेवला, जुळला नाही. तर्जनी ठेवली, जुळली नाही. पदराला पुसून पुसून सगळी बोटं झाली. काउंटरवरच्या माणसाने आईचा हात उलटा करून पाहिला.

"काकू, भांडी तुम्ही घासता का?"

"रात्रीची. का?"

"रेषाच राहिल्या नाहीत हो बोटांवर."

आईचा आवाज एकदम वर्गात असल्यासारखा झाला. "म्हणजे मी हयात नाही?"

"आहात की!" तो म्हणाला. "फक्त सिद्ध होत नाही."

शेवटी डोळ्यांच्या मशीनवर ती जिवंत ठरली. घरी येताना रिक्षात पूर्ण वेळ आपल्या हातांकडे बघत होती.

* * *

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. बोटांना भेगा, भेगांतून रक्त. डॉक्टर म्हणाले, साबण आणि पाणी बंद. हातमोजे आणले, तर आई म्हणे, "मोज्यातून भांडं स्वच्छ झालंय की नाही ते कळत नाही." मी घासली तर माझ्यामागून येऊन तीच भांडी पुन्हा घासायची. सकाळची भांडी मंगल करते, पण रात्री यायला तिला जमत नाही. तिलाही घर आहे.

राहता राहिले बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरणाचे दरवाजे उघडण्याचे निर्णय ज्यांनी आयुष्यभर घेतले, त्यांना सिंकचा नळ उघडणं अवघड नसावं, असा माझा समज. मी म्हटलं, "बाबा, रात्री तुम्ही आईला मदत करा."

"करतो ना!" बाबा लगेच उठले.

आणि आईला तिचा चष्मा नेऊन दिला.

त्या रात्री मी जाहीर केलं, "डिशवॉशर घेऊ. पैसे मी देते."

बाबा म्हणाले, "प्रश्न घेण्याचा नाही. निवडण्याचा आहे."

आमच्याकडे या वाक्याचा अर्थ, आता काही महिने काहीही होणार नाही, असा असतो.

* * *

निवडायचं म्हटल्यावर सुमनआत्या आलीच. ही बाबांची मोठी बहीण. बिबवेवाडीहून निघते, स्वारगेटला बस बदलते आणि महिन्यातून एका शनिवारी आमच्याकडे बावधनला मुक्कामाला येते. येताना पिशवीत चिवडा आणि मतं असतात.

"यात सगळी भांडी एकदम घालायची?" तिने मोबाइलवरचा फोटो लांब धरून विचारलं.

"हो."

"म्हणजे आमटीच्या वाटीचं खरकटं पाणी दुधाच्या पातेल्यावर उडणार."

"आत्या, सिंकमध्ये तरी काय होतं? सगळं एकत्रच पडलेलं असतं की!"

"सिंकमध्ये आपला हात असतो."

"त्याच हाताला भेगा पडल्यात!"

"पडायच्याच," आत्या म्हणाली. "माझ्या नाहीत का पडल्या? आणि मग रात्री बाईमाणसाने करायचं तरी काय?"

मी आईकडे बघितलं. काहीतरी बोल ना गं! आई चहाचे कप गोळा करत होती.

* * *

बाबांनी निवडीचं काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. जाहिरातींवर त्यांचा विश्वास नाही. डेमो बघितल्याशिवाय ते छत्रीसुद्धा घेत नाहीत. भर उन्हाळ्यात दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागितलेलं मी पाहिलंय.

रविवारी सकाळी आम्ही कर्वे रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. बाबांच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, येताना भाजी घ्यायची असेल.

सेल्समन टाय वगैरे लावलेला, उत्साही मुलगा. "सर, यात ग्लासवेअरसाठी डेलिकेट प्रोग्रॅम आहे. पास्ता, बेकिंग डिश, सगळं निघतं."

"पिठलं?" बाबा म्हणाले.

"सर?"

"पिठलं. खाली लागलेलं."

"सर, त्याच्यासाठी खास कढई मोड आहे!"

"छान," म्हणत बाबांनी पिशवीतून कढई काढली. आदल्या रात्रीच्या पिठल्याची. खरवडीसकट! पाठोपाठ साय चिकटलेलं दुधाचं पातेलं. शेजारी फ्रिज बघणारं जोडपं दोन पावलं मागे सरकलं. मी टीव्हीच्या विभागात जाऊन अनोळखी झाले. आवाज मात्र तिथपर्यंत येत होता.

"लावा. आम्ही थांबतो."

"सर, हा डिस्प्ले पीस आहे. याला पाणी जोडलेलं नाही."

"मग याच्यात आणि आमच्या घरच्या कपाटात फरक काय?"



* * *

हा किस्सा मी ऑफिसात सांगितला तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या. पुढचं मी सांगितलं नव्हतं, ते इथे सांगते. ती कढई दुपारपर्यंत पिशवीतच राहिली आणि खरवड दगडासारखी वाळली. संध्याकाळी मी घरी नव्हते. परत आले तर आईने ती उलथन्याने खरवडून, तारेच्या घासणीने लख्ख केलेली. हाताला फडकं गुंडाळलेलं आणि फडकं लाल.

मी बाबांवर जे ओरडले, ते बहुधा खालच्या वॉचमनलाही ऐकू गेलं असेल. "तुम्हाला पिठल्याची परीक्षा घ्यायची होती ना? घ्या! निकाल लागलाय!"

बाबा त्यांच्या स्वभावाप्रमाणे काहीतरी तिरकस बोलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "उद्या परत जाऊ."

आई म्हणाली, "मी पण येते."

इतक्या दिवसांत तिने या विषयावर उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

* * *

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. आम्हाला बघून तो टायवाला मुलगा आतल्या खोलीकडे वळला, पण बाबांनी त्याला नावाने हाक मारली. छातीवरची पाटी त्यांनी आदल्या दिवशीच वाचून ठेवली होती.

बाबांचा मुद्दा मशीनच्या आकाराचा होता. "ही चौदा जणांची आहे म्हणता. आम्ही तिघं आहोत. उरलेली अकरा माणसं आम्ही कुठून आणायची?"

"सर, ते चौदा सेट म्हणजे त्यांच्या पद्धतीचे असतात. प्लेट, बाऊल, ग्लास..."

"त्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

"फॉरेनच्या, सर."

"ते जेवायला आमच्याकडे येणार आहेत का?"

हे असं चाललेलं असताना आईने आपल्या पर्समधून, म्हणजे ज्या शबनमला ती पर्स म्हणते त्यातून, घरचं स्टीलचं ताट काढलं. मी डोळे मिटले. पिशवीतून भांडी काढायची साथ आमच्या घरात पसरली होती!

पण तिने कोणालाच काही विचारलं नाही. पहिल्या मशीनचं दार उघडलं, खालच्या जाळीत ताट उभं केलं आणि वरच्या जाळीखालचा पाणी उडवणारा पंखा बोटाने फिरवला. टक्. ताटाला अडला. ताट उचललं, दुसरं मशीन. टक्. तिसरं. टक्. चौथ्या मशीनमध्ये पंखा गरगर फिरला.

"हे," आई म्हणाली.

"अगं, पण याची मोटर कुठली, वीज किती..." बाबा.

"अहो, पंखा फिरला नाही तर मोटर काय करायचीय?"

सेल्समनने बिल करायला घेतलं. इतक्या घाईने बिल करताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

* * *

मशीन बसवायला टेक्निशियन आला. त्याने आधी एक कागदाची पट्टी नळाखाली धरली. पट्टीचा रंग बदलला.

"काका, पाणी फार जड आहे. मशीनमध्ये त्याचं मीठ जास्त टाकावं लागेल."

बाबा ताडकन उठले. "जड? खडकवासल्याचं पाणी आहे! त्या पाण्याला नाव ठेवायचं नाही."

"काका, खाली टँकर उभा आहे."

बाबांनी खिडकीतून वाकून बघितलं. टँकर होता. आमच्या सोसायटीत अर्ध्या पाण्याला टँकरच असतो, हे बाबांना माहीत आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर सर्वांत जास्त बोलतात तेच. पण बाहेरच्या माणसापुढे कबूल कसं करायचं?

त्यांनी ती पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"पट्टी जुनी असेल."

एवढ्यात आई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. मशीनच्या दारावर स्वस्तिक काढलं, वर फूल ठेवलं. टेक्निशियन भला माणूस. चप्पल नव्हतीच पायात, तरी हात जोडून उभा राहिला. आईने नारळ उचलल्यावर मात्र तो मध्ये पडला.

"काकू, नारळ बाहेर फोडा. आतलं वॉरंटीत बसत नाही."

* * *

पहिल्या रात्री मी मुद्दाम ऑफिसमधून लवकर आले. बघते तर काय, आई सिंकपाशी! भांडी विसळून, घासून, पुन्हा विसळून मग मशीनमध्ये लावत होती.

"आई! हे काय चाललंय?"

"अगं, पहिल्याच दिवशी त्याला खरकटं कसं द्यायचं?"

"ते पाहुणे म्हणून आलेलं नाही! त्याचं कामच ते आहे!"

"हो गं. पण आपलं घर कसं आहे ते पहिल्याच दिवशी कळतं."

कोणाला कळतं? मशीनला?

मंगलच्या बाबतीतही तेच. तिला वाईट वाटेल म्हणून आईने रोज सकाळी मशीनवर जुनी चादर टाकायला सुरुवात केली. चादरीखाली एवढी मोठी वस्तू, आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही! आठवडाभर मंगलनेही काढला नाही. मग एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, "काकू, चादर तरी धुवायला टाका. आठ दिवस झाले, मशीनला तीच पांघरताय."

आई ओशाळून म्हणाली, "तुझं काम कमी नाही हो होणार, मंगल."

"कसं होईल? तुमच्या कढया त्याच्यात मावतात होय?"

* * *

पण खरा बदल झाला बाबांच्यात. विसर्ग मोजल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी मशीनच्या सांडपाण्याचा पाइप बादलीत सोडला आणि समोर स्टूल टाकून बसले. मशीन थांबल्यावर बादलीत डोकावले, मग सिंककडे बघितलं, मग परत बादलीकडे.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"आणि इतकी वर्षं आपण..."

दुसऱ्या दिवसापासून मशीन भरायचं काम त्यांनी ताब्यात घेतलं. आता दुसऱ्या कोणाला त्यात वाटी ठेवायची परवानगी नाही. मी ठेवली की ते ती काढतात, अर्धा इंच सरकवतात आणि तिथेच ठेवतात. "पाण्याला वाट पाहिजे." आईने सिंककडे पाऊल टाकलं तरी आतून आवाज येतो, "तू जा. इथे काम चाललंय."

तीस वर्षांत जे मला आणि आईला जमलं नाही ते एका पंख्याने केलं. मदत म्हणून नव्हे, खातं म्हणून!

* * *

मग आला शनिवार. आत्या आली. मशीनकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. जेवताना मात्र ताट उजेडाकडे धरून तिरपं केलं, वाटीचा वास घेतला, फुलपात्राच्या आत बोट फिरवलं. काही सापडलं नाही.

जेवणं झाल्यावर बाबा स्वयंपाकघरात गेले आणि थोड्याच वेळात त्यांचा आवाज आला, "चमचे उलटे कोणी ठेवले?" आई बाल्कनीतल्या बाकावर जाऊन बसली. बोटांवरच्या पट्ट्या आता निघाल्यात. आत्या दारात उभी राहिली.

"मग? आता रात्री काय करतेस तू?"

"बसते," आई म्हणाली.

"बसते म्हणजे? वाचतेस? जप?"

"नाही हो, वन्सं. नुसती बसते."

"नुसती?"

"हो."

"किती वेळ?"

"कंटाळा येईपर्यंत."

"आणि तो कधी येतो?"

आईने खरोखर विचार केला. "अजून आला नाही."

आता आत्या मशीनचा, आईचा आणि माझा एकदमच उद्धार करणार, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली. आत मशीन सुरू झालं. आत्या दारातच उभी. एकदा आत बघितलं, एकदा बाहेर.

मग आईला म्हणाली, "सरक जरा."