चार पानी गाऱ्हाणे

अर्जदार : मी स्वतः, कचेरीसमोरचा अर्जलेखक. विषय : माझी टपरी विकणे अथवा न विकणे. साक्षीदार : पत्नी आणि गावचा गुरव. ओल्या पाकळ्यांचा वास आला की हे प्रकरण आजही माझ्यापुढे उभे राहते. लोक मोबाईलवरच अर्ज भरू लागल्यापासून माझ्याकडे दिवसाकाठी एखादाच पक्षकार येई, आणि शेजारचा झेरॉक्सवाला टपरी मागत होता. पत्नी म्हणे, "विका नि मोकळे व्हा." मी म्हणालो, "देव सांगेल तसे." सबब आम्ही गावी कौल लावायला गेलो. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे आपला प्रश्न, एरवी गुरवच घालतो, परंतु माझ्यासारखा माणूस हजर असता दुसऱ्याने मांडणी करणे मला प्रशस्त वाटेना. मी चार पानी अर्ज वाचू लागलो. नाव, वय, व्यवसाय, पूर्वपीठिका. दुसऱ्या पानावरच उजवी पाकळी पडली. "देवान होकार दिल्यान!" गुरव ओरडला, "पण कशाला? तुम्ही अजून विचारलंत कुठं?" पत्नी म्हणाली, "अहो, देवसुद्धा कंटाळला. विकाच आता." मी बजावले, "प्रश्नापूर्वीचा निकाल ग्राह्य धरता येत नाही." गुरवाने हात जोडले, "भाऊ, पुन्हा लावतो, पण अर्ध्या पानात आणा." ते अर्धे पान मला अद्याप साधलेले नाही, म्हणून टपरी आजही उघडी आहे. तरी देवाने मूळ मुद्द्यावर उत्तर द्यावे, ही नम्र विनंती. लेखी नको, पाकळी चालेल.